यादीतलं पहिलं कारण

ग्रीसमामा कारखान्याचं ग्रीस चोरून विकायचा, म्हणून यंत्रं कोरडी पडून मोडायची, असं आमच्या वसाहतीत अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांना ग्रीस डब्यात येतं की पिशवीत हेही ठाऊक नाही. मामाने आयुष्यात बोटभर ग्रीस चोरलं नाही. त्याने फक्त एकदा, एका गोडबोल्या माणसापुढे, थोडा भाव खाल्ला. तेवढं पुरलं.

सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा. माझ्या आईचा तर तो सख्खा भाऊ. काम एकच, एकशे चौदा ठिकाणी वंगण द्यायचं. आधी बेअरिंगचं तोंड चिंधीने पुसायचं, मग ग्रीसच्या बंदुकीचे दोन दाब. तिसरा नाही. "जास्त लाडानेही बिघडतं," तो म्हणायचा. मग लांब पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. यंत्र ठीक असलं तर "गातंय". नसलं तर "कुरकुरतंय, सासू आलीय वाटतं". प्रत्येक यंत्रापाशी पत्र्याच्या खिशात एक कार्ड असे. त्यावर काम झाल्याचा शिक्का म्हणजे मामाचा काळा अंगठा. सही येत होती त्याला, पण तसल्या हाताला पेन कोण देणार?

मग देखभालीचं काम संगणकावर गेलं. ते बसवायला जे सर आले, त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर पडायचं. "मामा, कार्डं आता जाणार, बरोबर ना? यंत्र बंद पडलं की फिटरने येऊन कारण निवडायचं, बरोबर ना? कारणांची यादी मात्र तुमच्यासारख्या अनुभवी माणसानेच सांगायची, बरोबर ना?"

एकोणतीस वर्षांत मामाला त्या ऑफिसात कुणी खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी खुर्ची मिळाली, वर चहा. मामा फुगला. "लिहा," तो म्हणाला, "पहिलं, वंगण अपुरं. बाकी सगळं त्याच्या मागून. वंगण नाही तर यंत्र म्हणजे नुसतं भंगार!"

सरांनी तस्सं लिहिलं. एकूण त्रेचाळीस कारणं झाली. घरी येऊन मामा मामीला म्हणाला, "संगणकात पहिल्या नंबरला आपलं काम आहे."

"पहिल्या नंबरला बसलात तर आधी हात धुवा," मामी म्हणाली.

आता फिटर लोकांचं ऐका. संगणक होता शेडच्या पार टोकाला. पाळी सुटायची चारला, बस निघायची सव्वाचारला, आणि कारण भरल्याशिवाय काम काही मिटायचं नाही. यादी उघडली की पहिलं कारण आपणहून बोटाखाली येऊन बसायचं. त्रेचाळीस ओळी वाचत बसायला कुणाची आत्या मागे पोळ्या लाटत होती? दाबलं, मिटलं, पळाले.

मामाला स्वतःला संगणकात शिरायची मुभा नव्हती; फिटर नव्हता ना तो. त्याचा अंगठा कुठेच उमटत नव्हता. उमटत होतं ते फक्त त्याचं न केलेलं काम.

दोन वर्षांनी साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब कधी रागवत नाहीत. ते नाकातून हळहळतात; त्यांची ती नक्कल मी हुबेहूब करते. भिंतीवर एक गोल चित्र झळकत होतं, जवळजवळ सगळं लाल.

"मामा, शंभरातले एक्क्याऐंशी बिघाड वंगणाअभावी. मी म्हणत नाही हं. आकडे म्हणतात. लोकही काहीबाही बोलतात, ग्रीस कुठे जातं वगैरे. निवृत्तीला तुमची तीन वर्षं राहिली, मला वाईट वाटतं."

मामाचे कान तापले. नोकरी तर जात होतीच, वर चोर म्हणून जात होती. "साहेब, नुसतं चित्र नको. एकेक नोंद वाचून दाखवा."

वाचायला बसवलं ज्याला सगळे चष्मा म्हणत त्याला. हा फिटर मामाच्याच हाताखाली शिकलेला, पेचकस कानाला लावायला मामानेच शिकवलेला. चष्मा घसा खाकरून वाचू लागला.

"जिन्यातली ट्यूबलाईट फुटली. कारण, वंगण अपुरं."

कुणीतरी फिसकन हसलं.

"उंदराने वायर कुरतडली. वंगण अपुरं. संडासाच्या खिडकीची काच तडकली. वंगण..."

"उंदराला दोन दाब द्यायचे राहिले माझे!" मामा ओरडला, आणि अख्खी खोली हसली. साहेबही हसले, नाकातूनच. चष्मा मान खाली घालून पुटपुटला, "मामा, मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं हो. ते वरतीच होतं, म्हणून दाबलं." मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. सुटलो, असं वाटलं त्याला. मलाही तो हे सांगताना दर वेळी वाटतं.

साहेबांनी डोळे पुसले. "तुमचं म्हणणं पटलं, मामा. शंभर टक्के पटलं. पण अहवाल केव्हाच वर गेलाय. वंगण कमी पडतं म्हणून आपोआप ग्रीस सोडणारे डबे मंजूर झालेत. एकशे चौदा. येऊनही पडलेत. आता ते आले ते चुकून आले, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

ते डबे बसवायलाही मामाच लागला. कुठलं बेअरिंग कुठे दडलंय हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. नऊ दिवसांत त्याने आपल्या एकशे चौदा जागा डब्यांच्या हवाली केल्या, मग त्याला फाटकावर बसवलं. तिथलं काम म्हणजे नोकरी सुटलेल्यांचे पास गोळा करायचे. पुन्हा खुर्ची मिळाली. ग्रीस विकल्याची अफवा खोडायची तसदी कुणी घेतली नाही. फाटकावर बसवलं म्हणजे काहीतरी असणारच, नाही का?

सरांनी मात्र धडा घेतला. "यादी आता वर्णानुक्रमे लावली, म्हणजे कुणावर अन्याय नाही, बरोबर ना?" पहिलं कारण झालं "अतिभार", म्हणजे चालकाने यंत्रावर झेपेल त्याहून जास्त माल लादला.

हे ऐकून मामा मला म्हणाला, "सहा महिन्यांत सगळे चालक गुन्हेगार ठरतात बघ."

"छे! एवढी शोभा झाल्यावर लोक वाचून दाबतील," मी म्हणाले.

"लाव पैज. हरलीस तर महिनाभर तुझ्या साहेबांच्या नकला बंद."

मी हसत हात मिळवला. पाचव्या महिन्यात थंड पाण्याचा मोठा पंप जळाला. त्याच्यावरचा डबा कधीचा रिकामा झाला होता. आपोआप चालतो म्हटल्यावर भरणार कोण? संगणक आल्यापासून खरोखर वंगणावाचून मेलेलं ते पहिलं यंत्र. चष्म्याची सही होती नोंदीखाली. कारण, अतिभार.

भिंतीवर नवं गोल चित्र झळकलं. तीन चालकांना काढलं. मी मामाचा जेवणाचा डबा घेऊन फाटकावर गेले, तेव्हा तिसरा त्याच्या हातात पास ठेवत होता.

"मामा, पंप बोंबलत होता हो! मी काय जास्तीचं लादलं?"

"काही नाही," मामा म्हणाला, आणि पास खोक्यात टाकला.

तो माणूस रस्ता ओलांडून गेला. मग साहेबांची नाकातली हळहळ माझ्या ओठांवर आलीच.

"अंहं," मामाने बोट उगारलं. "महिनाभर."