एकेकट्या सहा पेट्या

केयूर न्यू टाउनच्या एका कंपनीत नेटवर्कचं काम पाहतो. तिथं मजल्यामजल्यावर तारा जोडायच्या पेट्या आहेत, स्विच म्हणतात त्यांना. दर अर्ध्या मिनिटाला पेटी शेजारणीला आपलं नाव सांगते, आणि त्यावरून कोण कुणाला जोडलंय याचा नकाशा आपोआप निघतो. शुक्रवारी तो पुरा दाखवला, की टीमची धुरा केयूरकडे, असं सेनगुप्तासाहेबांनी कबूल केलेलं.

गुरुवारी सकाळी पाहतो तो काय, तिसऱ्या मजल्यावरच्या सहा पेट्या एकेकट्या. रेघ नाही, शेजार नाही. लग्नघरात कुणी विचारत नाही अशा पाहुण्यांसारख्या. तारा हलवून पाहिल्या, तारा धड. मग एकेका पेटीत शिरला. साहींत नाव सांगायची सोयच बंद केलेली. एक चुकून बंद होईल हो, पण सहा?

नोंद उघडली. बुधवार, दुपारचे चार दहा, आणि लॉगिन कुणाचं? केयूरचंच. त्या वेळी हा लेकीच्या शाळेत पालकसभेत बसलेला. जाताना टीममधल्या सुश्रुतला सांगून गेला होता, जरा लक्ष ठेव म्हणून.

पासवर्ड सुश्रुतलाच ठाऊक होता. तो नागपूरहून आला तेव्हा त्याचं लॉगिन व्हायला महिना लागणार होता. या बंगाली मुलखात आपला मराठी माणूस म्हणून केयूरनंच आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. दुसऱ्या कुणाला दिला असता? छे. घरची भाषा कानावर पडली, की शहाणा माणूसही कडी काढून ठेवतो.

केयूरनं सोय चालू केली. रेघा एकेक करून उमटल्या, शुक्रवारी नकाशा पुरा झाला. पण साहेबांनी नोंद पाहिलीच होती. केयूरनं खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वासही बसला. पण पासवर्ड वाटणाऱ्याच्या हाती टीम कशी द्यायची? धुरा गेली दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामलाकडे.

जिन्यात सुश्रुत आडवा आला.

"दादा, टीम मलाही कुठे मिळाली? झालं गेलं सोडून दे ना."

दर रविवारी हा बालीगंजला केयूरकडे जेवायचा. मंजुषा, केयूरची बायको, याच्यासाठी थालीपिठं थापायची आणि लोणी वाढताना हात आखडत नसे.

"परवा वहिनीला काय सांगू ते सांग," केयूर म्हणाला. "ती भाजणी काढून बसेल."

उत्तरासाठी केयूर थांबला नाही. या माणसासमोर डोळ्यांत पाणी यायला नको, म्हणून भराभरा जिना उतरून गेला.