गाडी थरथरते की मी?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात एक जुनी गाडी, एक घाबरट आई आणि सल्ला द्यायला टपलेली चार माणसं असली, की माळ्यावर रिकाम्या बाटल्या साठाव्यात तसे ते आपोआप साठतात. आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यापासून इतके साठलेत, की थोडे खाली काढलेच पाहिजेत.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या धरमपेठेतल्या घरी सेकंडहँड गाडी आली. हे हिंगण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. जाणं-येणं कंपनीच्या बसने. म्हणजे गाडी दिवसभर दारातच. आणि आमचा मन्या दोन वर्षांचा. तो शिंकला की मला न्यूमोनिया आठवतो!

"मी ड्युटीवर असताना त्याला काही झालं तर तू रिक्षा शोधत बसशील," हे म्हणाले. "त्यापेक्षा गाडी शीक."

शिकले. पण मन्याला घेऊन एकटीनं जायची परवानगी काही मिळेना, कारण थोड्याच दिवसांत गाडी थरथरायला लागली. न्यूट्रलला अगदी शहाणी. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून ब्रेकवर उभी केली, की हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची. कधी कधी बंदच पडायची. आणि हे सगळं फक्त मी चालवताना! हे बसले की गाडी गरीब गाय.

"गाडीत दोष असेल तर काढू," हे म्हणाले. "पण गाडीत नसेल तर..."

पुढचं वाक्य त्यांनी कधी पूर्ण केलं नाही. मीच रोज मनात पूर्ण करायची.

* * *

चप्पल पेडलवरून सटकते म्हणून मी अनवाणी चालवायची. नागपूरचा मे महिना! इंजिनाजवळचा पत्रा असा तापायचा, की त्यावर पापड भाजावा. एकदा मी उतरले ती नाचतच.

माझ्या सासूबाई हिंगणघाटच्या. बोलणं फटकळ, पण जीव मोठा. "काहून उड्या मारून राहिली वं?"

"पाय भाजले, आई."

त्या आत गेल्या, मन्याची गोधडी आणली, चौघडी घालून माझ्या पायाखाली अंथरली. "आता चालव. राणीसारखी!"

तेव्हापासून मी गाडीत बसायच्या आधी गोधडी बसायची.

* * *

आमच्या ह्यांचं सगळं शास्त्रशुद्ध. एका रविवारी ते माझ्या शेजारी बसले. मी गिअर टाकला, गाडी हुडहुडली. "हं," हे म्हणाले. "आता मी बसतो. बाकी काहीही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, यालाच डायग्नोसिस म्हणतात!"

आम्ही जागा बदलल्या. हे बूट घालून बसणार म्हटल्यावर सासूबाईंनी गोधडी लगेच उचलली. बुटानं मळते ना!

ह्यांनी गिअर टाकला. गाडी ढिम्म!

"पाहिलंस? फक्त ड्रायव्हर बदलला."

मी बी.ए. आहे. मला हे तर्काला धरून वाटलं.

* * *

मग गाडी गॅरेजवाल्या बाबूभाईंकडे गेली. बाबूभाई स्वच्छतेचे भोक्ते. आधी आतलं सगळं कापड बाहेर काढणार, घडी करून माझ्या हातात देणार, "ग्रीस लगेगा भाभी," म्हणणार, मगच आत बसणार.

बसले. गिअर टाकला. डोळे मिटले. "गाडी तो मक्खन है!"

गोधडी घेऊन मी घरी आले. सासूबाईंनी ती अंथरली, मी गिअर टाकला, मक्खन वितळलं!

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बाबूभाईंनी बोनेटही उघडलं नाही. माझ्याकडे बघून अतिशय मायेनं म्हणाले, "भाभी, थोडा आराम किया करो."

* * *

शेजारचे किन्हेकर काका रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्यभर इंजिनं चालवली. ते शेजारी बसले, माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले आणि निकाल दिला, "सूनबाई, गाडीला काही झालेलं नाही. तुमचा पाय थरथरतो. तो कंप क्लचमधून इंजिनात उतरतो."

मला लगेच पटलं! शाळेत वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की मी आधी माझंच दप्तर तपासायची. असल्या माणसाला काय पटणार नाही?

सासूबाईंनी उपचार सुरू केले. दोन्ही पायांना तिळाचं तेल, चांगलं चोळून. तेलकट पायानं मी क्लच दाबला. पाय सटकला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली, फाटकाला टेकली आणि बंद पडली.

"पाह्य!" सासूबाई मागून ओरडल्या. "गेली ना थरथर?"

"आई, गाडी बंद पडली आहे."

"मंग? थरथर तं गेली!"

* * *

एकदा मन्यानं गोधडी ओली केली. ती धुऊन तारेवर गेली आणि मी पाय भाजू नयेत म्हणून ह्यांचे लोकरी मोजे घालून, ह्यांना शेजारी बसवून सरावाला निघाले. गाडी हूं की चूं नाही!

मी आनंदानं घरी आले. किन्हेकर काकांनी मोज्यांचं कारणही लगेच सांगितलं, "लोकर कंप शोषून घेते." दुसऱ्या दिवशी मी मोजे घातले, सासूबाईंनी वाळलेली गोधडी अंथरली. गाडी पुन्हा हुडहुडली. आता मात्र मी खाली वाकून पाहिलं. पेडल जाऊन गोधडीत रुतलं होतं. क्लच पूर्ण दबतच नव्हता! ब्रेक गाडीला थांब म्हणत होता, अर्धवट सुटलेला क्लच चल म्हणत होता. गाडी बिचारी थरथरणार नाही तर काय?

ह्यांना दाखवलं. ते वाकले, पेडल दाबून पाहिलं आणि उठून म्हणाले, "मी म्हणतच होतो, क्लच असणार!"

सासूबाई मात्र "म्हंजे माह्याच गोधडीनं?" एवढंच बोलल्या. त्या दिवशी त्यांनी गोधडी धुतली नाही, झटकली नाही, नुसती कपाटात टाकून दिली. मला फार वाईट वाटलं. माझे पाय भाजू नयेत एवढंच तर त्यांना हवं होतं.

* * *

पुढच्याच आठवड्यात मन्यानं नाकात फुटाणा घातला. हे ड्युटीवर. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या. "चाल वं. मी हावो ना!"

सीताबर्डीच्या अलीकडे गाडी गिअरमध्ये थांबवावी लागली. थरथर नाही! त्या आनंदात मी क्लच जरा झटक्यात सोडला. गाडीला धक्का बसला, मन्या जोरात शिंकला, फुटाणा समोरच्या काचेवर टण्णकन आपटला.

"निंघाला! निंघाला वं बाई! चाल घरी!"

"आई, गाडी वळवता येत नाही मला."

"काहून?"

"मागे घ्यावी लागते. ह्यांनी मला फक्त पुढे जायला शिकवलंय."

मग आम्ही पुढे गेलो. जात राहिलो. सक्करदऱ्याचा तलाव आला तेव्हा कुठे मोकळी जागा दिसली. तिथे भलामोठा गोल घेऊन परत फिरले. चार वेळा डावीकडे वळलं असतं तरी घर आलं असतं, हे मला संध्याकाळी भाजी फोडणीला टाकताना सुचलं!

तेवढ्यात हे आले. "गाडी नाकानं आत का उभी आहे? मी तर नेहमी मागे घेत आत लावतो."

माझ्या हातातला झारा थांबला. मला मागे घेता येत नाही हे कळलं, की परवानगी गेलीच!

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मन्याच्या नाकात फुटाणा गेलता. तुह्या बायकोनं नेलं म्हणून निंघाला. पण त्या गाडीचा मागचा गिअर पडत नाही गा, मधू. पोरीनं लय जोर लावला. पाहून घे एकदा."

"जोर लावू नये!" हे दचकून म्हणाले. "गिअरचे दात तुटतात."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आणि किन्हेकर काकांनी घाम गाळत, ढकलत, गाडी फाटकाबाहेर काढली आणि बाबूभाईंकडे नेली. आम्ही दोघी खिडकीतून पाहत होतो. एकमेकींकडे मात्र पाहत नव्हतो.

संध्याकाळी हे हात काळे करून, अगदी खुशीत परतले.

"आई बरोबर म्हणाली. दिवसभर लागलो, पण सापडला फॉल्ट! आता मन्याला घेऊन कुठेही एकटी जा, बिनधास्त."