साडेतेरा इंच पन्हा

कर्नाटक सीमेजवळच्या मुरुमला माझं लॅपटॉपचं दुकान आहे. इथले किस्से म्हणाल तर काउंटरवरच्या धुळीसारखे. सकाळी पुसावे तर दुपारपर्यंत परत साचतात. आमच्या दुकानात रिपेअरिंगचं काम बघणारे रफिकभाई म्हणतात, "अक्का, हे सगळं लिहून ठेवा." मी कधी लिहू? माझा निम्मा दिवस गिऱ्हाइकांशी भांडण्यात जातो! मी तोंडाची फटकळ आहे हे सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे. तरी येतात बिचारे.

*

एक गुरुजी आले. आल्या आल्या काउंटरवर रिकामी बॅग ठेवली. लग्नात आहेर म्हणून मिळालेली, नवी कोरी.

"यात मावेल तो लॅपटॉप द्या."

"गुरुजी, आधी काम सांगा. कशाला पाहिजे?"

"शाळेची माहिती भरायला. हे एवढाले तक्ते असतात."

"मग स्क्रीन मोठा लागेल. बॅग दुसरी घ्या."

"अहो, बॅग चांगलीय की!"

दिला अकरा इंची. महिन्याभरानं आले तेव्हा चष्म्याची काच जाड झालेली. म्हटलं, "दिसतंय का नीट?" तर म्हणाले, "दिसत काहीच न्हाय. पण बॅगेत काय बसलाय म्हणता!"

*

माकणीहून एक शेतकरी आले. लेकाचा लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणाले. रफिकभाईंनी चार्जर हातात घेतला अन् कपाळावर हात मारला. त्याची बारीक वायर तोडून विहिरीवरच्या मोटरची जाड केबल जोडलेली!

"मामा, हे काय केलं?"

"वायर बारीक होती. करंट कमी येत असंल म्हणलं."

"अहो, जळाला की चार्जर!"

ते शांतपणे म्हणाले, "मोटर तर ह्याच्यावरच चालती."

*

आता ज्या लॅपटॉपपायी माझं बीपी वाढलं, त्याची गोष्ट.

आमच्या दुकानापासून चार दुकानं सोडून शरणप्पांचं कापड दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात मापाची टेप. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांचा मुलगा सोलापूरला नोकरीला, रविवारी घरी येतो. सून पल्लवी बी.कॉम. झालेली. तिला पुण्याच्या एका कंपनीचं घरून करायचं काम मिळण्यासारखं होतं. त्याआधी दोन तासांची ऑनलाइन परीक्षा. मध्येच कॅमेरा बंद पडला किंवा दुसऱ्या कुणाचा आवाज आला की बाद, परत संधी नाही.

अप्पांनी परवानगी दिली, पण माझ्यासमोर तिला बजावलं, "एकदाच. न्हाय जमलं तर लॅपटॉप अक्काला परत. अन् नोकरीचा विषय घरात परत काढायचा न्हाय."

पल्लवी मान खाली घालून उभी. माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण गिळलं.

दोन लॅपटॉप मांडले. एक चौदा इंची, हलका. बॅटरी सात-आठ तास, सी पिनचा चार्जर, वेळ पडली तर मोठ्या पॉवर बँकेवरही चालतो. दुसरा साडेपंधराच्या वरचा, जड, गोल पिनेचा म्हणून पॉवर बँक न चालणारा, बॅटरी जेमतेम तीन तास. म्हटलं, "अप्पा, आपल्याकडं लाइटीचा काय भरवसा? लहान घ्या." मागून पल्लवी डोळ्यांनी लहानाकडंच खुणावत होती. सासऱ्यापुढं बोलायची सोय नव्हती.

अप्पांनी गळ्यातली टेप काढली अन् आधी मोठा, मग लहान स्क्रीन आडवा मोजला. मग भडकलेच!

"साडेपंधरा म्हणता अन् पन्हा साडेतेरा? दोन इंच मारले! तिकडचा तर बाराच भरतोय!"

कापडाची रुंदी म्हणजे पन्हा, अन् तो आडवाच मोजायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी टेप हातातून घेतली अन् एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली. बरोबर भरला.

"तिरकं? कापड कुणी तिरकं मोजतं का?"

रफिकभाई म्हणाले, "अप्पा, कंपनीवाल्यांची रीतच तशी. आमी काय करावं?"

मी परत लहान पुढं केला. "बेडा, बेडा!" अप्पा ओरडले. नको म्हणायचं असलं अन् राग आला की त्यांना कन्नड सुचते. "कमी पन्ह्याचं कापड मी गिऱ्हाइकाला देत न्हाय, ते सुनंला देऊ व्हय?"

मोठाच घेतला. अप्पांची माया होती हो ती.

*

परीक्षा नेमकी बाजारच्या दिवशी, अकरा वाजता. त्यात दहा ते दोन लाइट नाही, हे आधीच कळलेलं. पल्लवीनं सकाळी सातला लॅपटॉप चार्जिंगला लावला अन् स्वयंपाकाला लागली.

दहा वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन.

"अक्का, बावीस टक्केच हाय!"

"अगं, सातला लावला होतास ना?"

"दुकानाला निघताना अप्पांनी बटणं बंद केली."

पूजा झाली की घरातलं एकूण एक बटण बंद करूनच अप्पा बाहेर पडतात. वर्षानुवर्षांची सवय!

दुसरा लॅपटॉप देता येईना, परीक्षेची नोंद त्याच लॅपटॉपवर झालेली. जगाला चार्जिंगचं शहाणपण शिकवणारी मी, अन् माझा स्वतःचा इन्व्हर्टर आठवड्यापासून बंद! लाज वाटली मला. अप्पांच्या घरी इन्व्हर्टर नाही. त्यांच्या दुकानात मात्र आहे, अंधारात कापडाचा रंग कळत नाही म्हणून.

पल्लवीला घेऊन मी तशीच अप्पांच्या दुकानात शिरले. इन्व्हर्टरचा प्लग एकच, अप्पांच्या गादीच्या उशाशी. त्या गादीवर त्यांच्या घरातली बाई कधी बसलेली नव्हती. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. घड्याळात दहा पस्तीस.

"अप्पा, बटण तुमी बंद केलंत," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "आता काय करायचं ते तुमीच सांगा."

पल्लवी रडायच्या बेतात. मला वाटलं, गेलं, संपलं सगळं!

अप्पा उठले. गादीवरचे तागे बाजूला सारले. "बस," म्हणाले. मग गिऱ्हाइकांपुढं हात जोडले, सगळ्यांना बाहेर काढलं, बाजारच्या दिवशी शटर ओढलं अन् स्वतः पायरीवर बसले. मीही शेजारी टेकले.

अकराच्या सुमाराला लग्नाचा बस्ता बांधायला एक जीप भरून माणसं आली. वर्षातलं मोठं गिऱ्हाईक! त्यातला एक म्हातारा दचकून म्हणाला, "अप्पा, शटर बंद? घरात कुणी गेलं काय?"

"हळू बोला," अप्पा कुजबुजले. "सूनबाईचा पेपर हाय. घाई असंल तर समोर जावा."

समोर म्हणजे त्यांच्याशी वीस वर्षांचं वैर असलेलं दुकान. जीपभर माणसं तिकडं गेली. अप्पांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी दोन तास तग धरेल का, एवढंच मला तीनदा विचारलं. मी तीनदा "धरेल" म्हटलं. खरं सांगू, मला काय माहीत!

एक वाजून गेल्यावर शटर आतून वाजलं. तोवर रफिकभाईही आले होते, त्यांनी धावत जाऊन वर केलं. पल्लवी घामानं निथळत होती.

"पास झाले, अप्पा. लगेच दाखवतात निकाल. सोमवारपासून काम." मग खाली बघत म्हणाली, "पण घरी लाइट राहत न्हाय."

अप्पांनी गळ्यातली टेप नीट केली अन् आत जाऊन तागे जागेवर लावू लागले. आमच्याकडं पाठ होती.

"गादीचा पन्हा लई मोठा हाय," ते म्हणाले. "दोघं मावतो."