सासूचं विरजण

काकी बाटली हातात घेतली की आधी तिचा गळा अंगठ्याने दाबून बघायच्या, डॉक्टर पोट दाबतात तसा. अंगठा आत गेला तर बाटली परत फळीवर. "अजून कच्ची हाय." अंगठा जागच्या जागी राहिला की मात्र चेहरा खुलायचा. "हिनी दम धरला." मग ती बाटली फ्रीजमध्ये, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी.

मी चौलला राहतो. काकी आमच्या कुंपणापलीकडच्या. नारळी-पोफळीची छोटी वाडी, नवरा लवकर गेलेला, मुलगा पनवेलला. त्या घरी आल्याचं पाणी करत. आलं, साखर, लिंबू आणि विहिरीचं पाणी, इतकंच. पण ते बरणीतल्या विरजणाने आंबवलेलं असे. त्यामुळे झाकण फिरवलं की फसकन आवाज यायचा आणि पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या. नशा म्हणाल तर नाही. माझी आई उतारवयात ग्लासभर पिऊन दुपारभर पापड लाटायची आणि पापड गोलच यायचे.

हे पाणी भरायला काकींना बाजारातल्या थंड पेयाचीच रिकामी बाटली लागे. आमच्या समुद्रावर शनिवार-रविवारी पर्यटक येतात आणि बाटल्या टाकून जातात. सोमवारी सकाळी काकी पोतं घेऊन किनाऱ्यावर. प्रत्येक बाटली उलटी करून तळ बघायच्या. पाच बोटं टेकल्यासारखा तळ असेल तर ती पोत्यात. साध्या पाण्याची बाटली नापास.

"हिनी कधी गॅस सोसलाय का? मंग ही माझा काय सोसणार?"

त्यानंतर वास. "ह्यात रम व्हती," म्हणत एखादी बाजूला काढायच्या.

"धुतली तर?" मी एकदा विचारलं.

"तू धू आणि तूच पी."

मुलाला हे आवडत नसे. "आई, लोक तुला भंगारवाली समजतात," तो म्हणाला, तेव्हा मी तिथेच होतो. काकी म्हणाल्या, "समजू दे. भंगारवाल्याला सगळ्या बाटल्या चालतात. मला न्हाय चालत."

मला मापाशिवाय काही कळत नाही. एकदा मी घरचा वजनकाटा घेऊनच त्यांच्या ओटीवर गेलो.

"काकी, आलं किती ग्रॅम?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

"ज्याचं पाणी, त्याची मूठ." आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं तराजू.

ते विरजण त्यांच्या सासूचं होतं. सासूने जाण्याआधी वाटण्या केल्या, तेव्हा दागिने धाकट्या सुनेला दिले आणि ही बरणी थोरलीला, म्हणजे काकींना. "धाकटीला सोनं आणि मला आंबट पाणी," असं त्या हसून सांगायच्या. पण रोज सकाळी अंघोळ झाली की देवाच्या आधी बरणीला चमचाभर किसलेलं आलं आणि चमचाभर साखर. माहेरी जाऊन राहणं त्यांनी या बरणीपायी सोडलं होतं.

मग वादळ आलं. तुम्ही या किनाऱ्यावरचे असाल तर कुठलं ते सांगायला नको. वाड्या झोपल्या, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. विहिरी झावळ्यांनी आणि पाल्याने भरल्या. ग्रामपंचायतीने त्या उपसून घेतल्या आणि रोगराई नको म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली. ते योग्यच होतं. पण त्या धांदलीत काकींनी तेच पाणी बरणीत वाढवलं. दुसऱ्या दिवसापासून बुडबुडे बंद. चार दिवसांनी बरणीला नुसता ओल्या भिंतीसारखा वास यायला लागला.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "काकी, ताज्या आल्याचं नवीन विरजण धरता येतं."

"धरता येतं की. मला काय म्हाईत न्हाय?" बरणी त्यांच्या मांडीवर होती. "पण त्ये माझ्या सासूचं नसंल."

घराचे पत्रे उडाले तेव्हा ही बाई रडली नव्हती.

त्यांच्या डोक्यात एकच होतं: कुणाच्या तरी घरी जुनी भरलेली बाटली असेल, तर तिच्या तळच्या गाळातून विरजण पुन्हा उभं राहील. मी त्यांच्याबरोबर घरोघर हिंडलो. पण काकींचाच नियम आड आला. रिकामी बाटली धुऊन दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, आणि दिलेली दोन दिवसांत संपवायची ही ताकीद. शिवाय फ्रीज बंद, त्यामुळे सगळ्यांनी होतं ते पिऊन टाकलेलं. "तुमच्याच धाकाने खळखळून धुतली हो," एक सूनबाई म्हणाली.

शेवटचं घर भाईंचं. ते बरीच वर्षं दुबईला होते, आता घरीच असतात. काकी दारातूनच म्हणाल्या, "भाई, माझी बाटली हाय का रे?"

भाईंनी मागे वळून बघितलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आता द्या की आणून."

भाईंनी मागच्या पडवीतून बादली आणली. बादलीतल्या पाण्यात बाटली आडवी ठेवलेली. फुगून तिचा तळ बाहेर आला होता, उभी राहण्यासारखी नव्हती. "फुटेल म्हणून पाण्यात ठेवली, काकी. वादळाच्या आदल्या दिवशी तुम्हीच दिलेली."

"प्यायला न्हाईस?"

"मला शुगर आहे."

"कधीपास्नं?"

"दुबईहून आलो तो घेऊनच आलो."

काकींनी पदराने हात पुसले. "आणि रिकाम्या बाटल्या यायच्या त्या?"

"माडाला घालायचो. विहिरीजवळच्या."

"मंग ही का न्हाय घातलीस?"

"माड पडला, काकी."

विहिरीकडे बघितलं तर तो माड मुळासकट आडवा पडलेला.

"मला सांगायचं व्हतंस," काकी म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर बाटली यायची बंद झाली असती." भाई बादलीकडे बघत होते. "माझ्या दाराशी मग कोण आलं असतं?"

काकींनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, तान्हं मूल घ्यावं तशी कडेवर घेतली. निघताना वळून म्हणाल्या, "तरीच त्यो माड तसा वाकडा वाढला. रोज पिऊन यायचा."

झाकण त्यांनी केसभर केसभर सैल केलं. गाळ नव्या बरणीत गेला. पाणी टेकडीच्या बाजूच्या विहिरीतून आणलं, जिथे पावडर पोचली नव्हती. तिसऱ्या सकाळी कुंपणापाशी हाक आली, "ए तराजू! सासू परत आली रं."

त्यानंतर भाईंकडे बिनसाखरेचं आलं-लिंबू-मीठ जायचं, बाटलीतूनच. नियम तोच: रिकामी धुऊन द्यायची.

काकींचे गुडघे गेले तेव्हा मुलगा त्यांना पनवेलला न्यायला आला. बरणी माझ्याकडे येणार असं मी धरून चाललो होतो. झाकणावर चिकटवायची चिठ्ठीसुद्धा तयार होती. काकींनी बरणी भाईंच्या हातात दिली.

"त्यांना तर प्यायचंच नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर. तू चव बघत बघत संपवशील. ह्यो नुसतं जपंल."

पनवेलला त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात तिथेच वारल्या.

बाटल्या आता मी भरतो. विरजण भाईंकडून आणतो. सकाळी गेलं की ते पडवीत बसलेले असतात. बोटाला सुई टोचून आपली साखर बघतात, आकडा मोठ्याने बायकोला सांगतात, आणि मग चमचाभर साखर काकींच्या बरणीत घालतात.