नवरीच्या साड्यांचं पान

वेबसाइट स्वतःच करायची असं मी जाहीर केलं तेव्हा सगळ्यांत आधी हसले ते आमचे हे. मनमाडला रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. "अगं, फोनचा आवाज कमी करायलासुद्धा तुला मी लागतो," म्हणाले. ते खरंच होतं. पण मी चिडले की शिकते, हा माझा जुना स्वभाव आहे.

माझा धंदा साड्यांचा, नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत, घराच्या पुढच्या खोलीत. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते. कोरी पांढरी साडी आणायची, तिला काठ लावायचे, पदरावर जरीचं नाहीतर रेशमाचं काम करायचं, हे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी वर्षानुवर्षं करत आलो. एका लग्नात साडी बघून दुसरं गिऱ्हाईक यायचं. अलीकडे मात्र मुली खोलीत येऊन बसेनाशा झाल्या. त्या फोनवर बघून ठरवतात, आणि फोनवर मी कुठेच नव्हते.

कॉलेज रोडवर वेबसाइट बनवून देणाऱ्या एकाने मला महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार दुकान दाखवलं. साचा निवडायचा, फोटो चढवायचे, झालं. "ताई, हे तुमचं तुम्हीपण कराल," म्हणाला. म्हणून घरी येऊन मीच बसले. घरातली सगळ्यांत चांगली चादर पांढरी, तर तिच्यावरच साड्या पसरून फोटो काढले. पानही पांढरं. साड्या गायब आणि नुसते काठ हवेत तरंगताहेत. हे चष्मा वर करून म्हणाले, "साड्या फार छान आहेत, फक्त दिसत नाहीत." मग गच्चीवर निळी चादर अंथरली आणि भर दुपारी एकूण एक साडीचा फोटो पुन्हा काढला.

खरी गंमत पुढेच होती. फोटो टाकला की त्या तयार दुकानात साडीची माहिती आपोआप लिहून यायची. मी सगळ्यांत देखणी साडी आधी टाकली, सोनेरी काठाची, पदरभर पिंपळपानं असलेली. तिच्याखाली उमटलं, 'साधी, शांत साडी. शोकसभा व दुःखाच्या प्रसंगांसाठी योग्य.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाक्य खोडलं. पण 'नवरी' या विभागात रंग ठरलेले होते, लाल, मरून, गुलाबी, हिरवा. पांढरा त्यात नव्हताच. पांढरी साडी गपचूप शोकाच्या विभागात जाऊन बसायची, आणि विभागाचं नाव बदलायची सोय नव्हती.

मी वेबसाइटवाल्याला फोन लावला. तो अगदी शांत. "असू द्या ना ताई. त्या प्रसंगालाही साड्या लागतातच. उलट दोन्हीकडून गिऱ्हाईक येईल."

हेही त्याच्याच बाजूचे. "वाक्य खोडलंस ना? मग झालं. विभाग कोण बघतं?"

"नवरी बघते," मी म्हटलं.

आयुष्यातल्या मोठ्या दिवसाची साडी शोधत एखादी पोरगी येणार आणि वर पाटी असणार शोकाची. धंदा बसला तरी चालेल, पण माझ्या हातची साडी मी त्या पाटीखाली ठेवणार नव्हते.

त्यानंतर कुठलंही साधन समोर आलं की माझा एकच प्रश्न असायचा, विभागाचं नाव मला लिहिता येतं का? किती स्वस्त, किती सोपं, किती झटपट, ते नंतर. एक मोठा ऑनलाइन बाजार बघितला, तिथेही यादीतूनच निवडायचं. आणखी एक तयार दुकान बघितलं, तेही तसंच. शेवटी उरला तो सगळ्यांत अवघड मार्ग. आपल्या नावाचा पत्ता घ्यायचा, इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यायची, त्यात फुकट मिळणारी प्रणाली आपण बसवायची आणि एकेक पान उभं करायचं. त्यात पाट्या सगळ्या आपल्या.

नाकी नऊ आले. दुपारी व्हिडिओ लावून शिकायचे. एकदा एक बटण चुकलं आणि सगळं पान पांढरंफटक झालं, तेव्हा मी सरळ रडले. दुसऱ्या दिवशी हे एक वही घेऊन शेजारी बसले आणि मी काय दाबते ते ओळीने लिहायला लागले. कारकुनी अक्षर, प्रत्येक पायरीला क्रमांक. पुन्हा काही बिघडलं की आम्ही वहीत मागे जायचो. माझा राग निम्मा त्या वहीने उतरवला.

आणि मग मी माझ्या हाताने पाटी लिहिली, 'नवरीच्या साड्या'. खाली चाळीस साड्या, सगळ्या पांढऱ्या.

ह्यांचं म्हणणं, पांढऱ्या का ते दोन ओळींत लिहावं. त्यांनी तर अर्धं पान लिहूनही ठेवलं होतं. "लाल शालू विकणारा लिहितो का, लाल का ते?" मी विचारलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

लांबून आलेली पहिली मागणी नामपूरच्या एका मुलीची होती, पुण्याला नोकरी करणारी. साडी पोचल्यावर तिचा फोन आला.

"काकू, साडी मिळाली. आईला लय आवडली." मग म्हणाली, "ऑफिसातल्या मुली सारख्या विचारायच्या, लग्नात पांढरी कशी काय? मी दर वेळी समजावून सांगायचे. कंटाळा आला होता. या वेळी काही बोलले नाही, तुमचं पान पाठवून दिलं."

"मग काय म्हणाल्या?"

"बघत बसल्या. आणि मग विचारायला लागल्या, यातली तुझी कोणती?"

मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की फोनचा आवाज मोठा करून, ह्यांना हाक मारून मी ते वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं.