पवईच्या रस्त्यावरचा आरोमानियन

नातीने आणलेली नवी घोंगडी मी उन्हात टाकली आणि लोकरीच्या त्या उग्र वासासरशी सत्तरच्या सुमारातला पवईचा रस्ता समोर आला.

एका परदेशी गणितज्ञाला विमानतळावरून पवईच्या आमच्या संस्थेत व्याख्यानाला वेळेत पोचवायचं आणि सभेत त्यांची ओळख करून द्यायची, हे माझं काम होतं. नोकरी अजून कच्ची होती. गाडीत साहेब सांगत होते, "मी रोमानियाचा, पण आरोमानियन. बाल्कनच्या डोंगरांतले मेंढपाळ आम्ही, आम्हाला आमचा देश नाही. आमच्यातले कवी झाले, नट झाले, मंत्री झाले. नाव लागलं दुसऱ्या देशांचं. माझी ओळख करून देताना आरोमानियन म्हणाल ना?"

मी हो म्हटलं.

साकीनाक्याच्या पुढे मेंढरं आडवी आली. हातात दहाच मिनिटं होती आणि साहेब दार उघडून थेट कळपात! त्यांनी एक लंगडती मेंढी धरली.

"ए, सोड मेंढी!" धनगर काठी उगारून धावला. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मेंढी गुडघ्यांत दाबून त्यांनी खूर उलटा केला आणि नखांनी काटा उपसला.

काठी हळूहळू खाली आली. "बाई," धनगराने मला विचारलं, "ह्यो कुठला धनगर?"

मी घड्याळ बघत साहेबांना गाडीत बसवलं.

सभागृहात संचालक डोळे वटारून उभे होते. मी टाइप केलेला कागद घाईघाईने वाचला, "थोर रोमानियन गणितज्ञ..." कागदाबाहेरचा एक शब्द उच्चारायची माझी छाती झाली नाही. साहेब खाली मान घालून बोटांना चिकटलेली लोकर काढत राहिले.

नोकरी पक्की झाली. धनगराला उत्तर द्यायचं मात्र राहिलं.

आरोमानियन, दादा. आरोमानियन धनगर.