यमूचे घुंगरू आणि दोनदाती गोऱ्हा

आधी चहा संपवा. मागे एकीनं हे ऐकता ऐकता घोट घेतला, तो तिच्या नाकातून थेट माझ्या पातळावर आला. तेव्हापासून कप रिकामे झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

झाला? तर ऐका. मी एकदा भर बाजारात माझ्या पोटच्या पोरीला गोऱ्हा ठरवून आले. हसू नका, अजून सुरुवातसुद्धा केली नाही!

यमू तेव्हा आठ वर्षांची, शहाद्याच्या मुलींच्या शाळेत. आमचं गाव तिथून कोसभर. शाळेत पुण्याकडच्या एक बाई नवीन आल्या होत्या, आणि त्यांना नाच येत होता. चांगल्या घरच्या बाईला नाच येतो, याचंच आम्हाला नवल! संमेलनात मोराचा नाच बसवायचं त्यांनी काढलं आणि सगळ्या पोरींतून मोर म्हणून यमूला निवडलं. का? तर ही पोर चवड्यांवर उभी राहून वाटेल तेवढी चालते म्हणून. बाई म्हणाल्या, "देवाची देणगी आहे." कसली देवाची! शिंक्यातलं लोणी चोरून चोरून आलेली ती. पण मी गप्प बसले. पोर मोर होत होती, लोण्याचं कशाला काढा?

मग बाईंची चिठ्ठी आली. मी चौथी पास, चिठ्ठी माझी मीच वाचली. 'घुंगरू हवेत. एका पायाला पन्नास. लहान, एका आवाजाचे. घोट्याच्या मापाने ओवलेले.'

वाचली आणि पोलक्यात खुपसली. कारण घरात जेठ होते.

जेठ म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, गावचे पाटील. यमू त्यांना मोठाबा म्हणायची. आता आमच्याकडची रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाला तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचं झालं तर मधे पोर उभं करायचं. ते भिंतीकडे बघत यमूला सांगणार, यमू मला सांगणार. मी दाराआडून यमूला सांगणार, यमू त्यांना. सगळ्यांना सगळं ऐकू यायचं, पण यमूनं सांगेपर्यंत कोणाला काही कळलेलं नसायचं! यमू व्हायच्या आधी ते ओसरीच्या खांबाशी बोलायचे. खांब बरा होता. यमू चार शब्द पदरचे घालायची.

नाचाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा असंच झालं.

"यमे, तुनी मायले सांग. पाटलानी पोर नाची ऱ्हायनी, हाई काय चांगलं नही."

"माय, मोठाबा म्हनस चांगलं नही."

"त्यांना सांग, नाच नाही, मोर आहे. शाळेतला मोर आहे. मामलेदारीणबाई बघायला येणार आहेत."

मामलेदारीणबाईंचं नाव काढल्यावर ते जरा नरमले. खाकरले. आमचे हे कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. थोरल्या भावासमोर त्यांचं तोंड फक्त सुपारीपुरतं उघडायचं.

शेवटी जेठ भिंतीला म्हणाले, "नाचू दे. पन घुंगरू नही बांधाना! आनि कोनी एक जन जरी हासना, ते त्याच दिनले शाया बंद. दप्तर मी सोता चुल्हामा घालसू."

झालं! बाईंना घुंगरू हवेत, जेठांना नकोत, आणि मला पोरीची शाळा हवी. मी चौथीत असताना माझी शाळा एका लग्नाच्या बोलणीनं सुटली होती. यमूची मी कोणाच्या हसण्यानं सुटू देणार नव्हते. म्हटलं, गुपचूप आणायचे. एकदा मोर नाचायला लागला, की मामलेदारीणबाईंसमोर पाय कोण धरणार आहे?

बाजाराच्या दिवशी वेणी घालता घालता यमूच्या घोट्याचं माप सुतळीनं घेतलं, गाठ मारली आणि तिला घेऊन शहाद्याला गेले.

घुंगरू मिळायचं दुकान एकच. भिकाशेठचं. बैलांचा साज विकायचा. घागरमाळा, गोंडे, म्होरक्या, वेसणी, कवड्यांच्या माळा. लहान घुंगरूही ठेवायचा, पण ते न्यायला यायचे तमाशावाले. दुकानात अर्धं गाव बसलेलं. आता तिथं पाटलाच्या घरच्या बाईनं पदर सावरून म्हणायचं तरी काय, पायात बांधायचे घुंगरू द्या?

माझ्या तोंडाला गाव भितं, पण त्या घटकेला ते तोंड कोरडं पडलं. आणि त्यातून काय निघालं म्हणता?

"शेठ, घुंगरू दखाडा. गोऱ्हासाठे."

शेठ खूश. "पाटीलकडे नवा गोऱ्हा उना? वा! गयामा बांधाना का?"

"नही. पायमा."

"पायमा? मंग हौशी काम दखास! माप लयनात का?"

मी सुतळी पुढं केली. त्यानं ती बोटाला गुंडाळून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "पाटलीनबाई, इतला बारीक पाय? हाऊ गोऱ्हा शे का हरीन?"

"दूध कमी पडलं त्याले," मी म्हटलं.

यमू माझ्या बाजूला उभी राहून ऐकत होती. मी तिच्या दंडाला चिमटा काढून ठेवला होता, बोलू नये म्हणून.

"दात कितला शेत?"

बैलाचं वय दातांवरून धरतात, तुम्हाला माहीत आहे. मी यमूकडे पाहिलं. तिचे पुढचे दोन दुधाचे दात पडून नवे डोकावत होते. "पुढला दोन पडनात, नवा यी ऱ्हायनात."

"म्हंजे दोनदाती! मंग आते जुंपाले यी ग्या. मारका शे का?"

"मारस नही," मी म्हटलं. खोटं किती बोलायचं माणसानं? आदल्याच दिवशी तिनं शेजारच्या पोराचं मनगट चावून फोडलं होतं. म्हणून खरं तेवढं सांगितलं, "चावस."

सगळं दुकान वळलं. "बैल चावस?"

"कधीमधी."

"आनि चारामा काय खास?"

"लोनी."

शेठनं हातातली घागरमाळ खाली ठेवली. गिऱ्हाईक पाटलाचं नसतं तर त्यानं मला बाहेर काढलं असतं. पण त्यानं माझी कीव केली. "आजारी जनावर शे, बाई. दृष्ट लागेल व्हई. हाई कवडीनी माळ लई जा. हया लाल गोंडा. आनि वेसन? नाक टोचेल शे का?"

मी यमूकडे पाहिलं. नाकात चमकी. "टोचेल शे," मी म्हटलं.

अशी मी घुंगरू आणायला गेले आणि घुंगरू, गोंडे, कवड्यांची माळ आणि नवीकोरी वेसण घेऊन आले. सांगा आता, खोट्याला एकदा तोंड फोडलं की नको कशाला म्हणायचं?

घुंगरू यमूनं परस्पर शाळेत पोचवले. बाईंनी वाजवून पाहिले आणि म्हणाल्या, "आवाज जरा दांडगा आहे, पण चालेल." दांडगा असणारच! गोंडे तुऱ्याला लागले. मला वाटलं, सुटले.

दोन दिवसांनी जेठ शहाद्याहून आले ते सरळ गोठ्यात शिरले. कडब्यामागं पाहिलं, गव्हाणीखाली पाहिलं, आणि ओसरीवर येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"यमे, तुनी मायले इचार, गोऱ्हा कोठे शे?"

शेठ बोलला होता!

"माय, मोठाबा इचारस, गोऱ्हा कोठे शे?"

गोऱ्हाच मला विचारत होता, गोऱ्हा कुठे आहे!

मी म्हटलं, "सांग त्यांना, माझ्या माहेरी. तळोद्याकडे. भाऊ देणार आहे." आणि पुरावा म्हणून वेसण यमूच्या हातानं बाहेर पाठवली.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. जेठांचा राजा नावाचा बैल होता. त्याचा जोडीदार मागच्या पावसाळ्यात साप चावून गेला. तेव्हापासून राजा एकटा बांधलेला असायचा आणि जेठ त्याच्यापाशी तासन् तास बसायचे. म्हणून गोऱ्ह्याचं नाव ऐकल्यावर त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मी दाराच्या फटीतून पाहिला आणि मलाच कसंतरी झालं. त्यांनी स्वतः बाभळीचा खुंटा तासला, राजाच्या शेजारी ठोकला, वर ती वेसण लटकवली. आणि रोज तोच धोशा.

"यमे, इचार, रंग कोनता?"

"गोरा," मी म्हणायची. पोर माझ्यावर गेली होती.

"स्वभाव कसा शे?"

"सांग, हट्टी आहे. पण गुणी आहे."

"यी कव्हय?"

"संमेलन झाल्यावर!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? यमूला आता त्या गोऱ्ह्याचा लळा लागला होता. एकदा मला हळूच विचारते, "माय, त्याले लोनी मी दिसू ना?"

आला संमेलनाचा दिवस. दुपारी शाळेच्या अंगणात सतरंज्या. पुढं मामलेदारीणबाई, त्यांच्या पलीकडे पुरुषांत आमचे जेठ फेटा बांधून, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून कोण? भिकाशेठ! शाळेला घंटा त्यानं फुकट दिली होती म्हणून मानाचं बोलावणं. बायकांत शेवटी बसून मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. त्यातून दिसतं थोडं, पण मरता येत नाही.

मोर आला. चवड्यांवर. पिसं, तुऱ्याला लाल गोंडे, आणि पायात छम् छम् छम्! खोटं नाही सांगत, डोळे भरून आले माझे. जेठांची मान मात्र ताठ झाली. घुंगरू! ते उठणार एवढ्यात त्यांच्या आधी शेठ उठला.

"अरे! हया ते मन्हा दुकानना घुंगरू! पाटील, तुमना गोऱ्हाना साज पोरना अंगवर कसा?"

बाईंची पेटी थांबली. यमू एका पायावर तशीच थांबली.

जेठांनी शेठकडे पाहिलं, घुंगरांकडे पाहिलं. आणि इतक्या लोकांतसुद्धा रीत काही सुटली नाही! शाळेच्या भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "यमे, तुनी मायले इचार. गोऱ्हा कोठे शे?"

यमूला तर सवयच. मोराच्या पिसांसकट बायकांकडे वळून ती ओरडली, "माय! मोठाबा इचारस, गोऱ्हा कोठे शे?"

आता काय उरलं होतं? पदराआडून मी म्हटलं, "सांग त्यांना, तूच."

यमूनं घटकाभर विचार केला. मग वळली आणि सगळ्या शहाद्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मोठाबा, माय म्हनस, गोऱ्हा मीच शे!"

शेठ बोटांवर मोजायला लागला. "दोन दात पडेल... नाक टोचेल... लोनी खास... अरे देवा, चावस ते हाई!"

आणि मग जे हसू फुटलं! मामलेदारीणबाईंनी तोंडावर पंखा धरला, पुण्याच्या बाई पेटीमागं वाकल्या, माझ्या बाजूची बाई माझ्याच मांडीवर लोळली. मी मात्र गार. एक जण जरी हसला तर दप्तर चुलीत. इथं तर अख्खं अंगण हसत होतं!

जेठ उभे राहिले.

"यमे. कोन हासनं?"

"बठ्ठा जन," यमू म्हणाली. म्हणजे सगळेच!

"तुले हासनात, का तुनी मायले?"

यमूनं माझ्याकडे पाहिलं. पोर माझी, पण त्या दिवशी तिनं मला वाचवलं नाही. "मायले," ती म्हणाली.

"मंग तू नाच," म्हणाले आणि खाली बसले.

नाचली हो पोर! शाळाही पुढे चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले. म्हटलं, तो खुंटा उपटून टाकावा. उगीच त्या माणसाच्या डोळ्यांसमोर नको. दोन्ही हातांनी हलवत होते, तर मागं कोणी खाकरलं. जेठ! मी पदर ओढला, इकडेतिकडे यमूला शोधलं. यमू शाळेत. खांबसुद्धा नव्हता मधे.

त्यांनी नवी वेसण हातात घेतली. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"खुंटा ऱ्हाऊ दे. राजाले जोडी ते पाहिजेच. अंगवर धडधाकट शेस. दात कितला शेत तुले?"

आणि मी? गाव जिच्या तोंडाला भितं ती मी? तिथंच खाली मान घालून, पदराआड, जिभेनं दात मोजायला लागले.